भावोजींच्या नावावरचा तिसरा स्टड

माझी कुठलीही गोष्ट ऐकताना तिच्यातल्या आकड्यांना दोनाने भागायचं, असा नियम आमच्या भावोजींनी घरात घालून दिला होता. मी म्हटलं की चाळीस फूट खोल दरीतून ट्रक वर ओढला, की जेवणाऱ्या पंगतीतून कुणीतरी हळूच ‘वीस’ म्हणायचं. एकदा मी कळवळून सांगितलं की चार दाढा काढल्यात, तर अक्कानं दोनच दाढांपुरती पेज करून दिली.

ही गोष्ट मात्र भागाकार न करता घ्यावी. हिच्यातले आकडे पत्र्यावर ठोकलेले आहेत, मला ते हलवता येत नाहीत.

माझ्या उजव्या मनगटात काटा आहे, असं मी चव्वेचाळीस वर्षं सांगत आलो. नट किती आवळायचा हे मोजायला लोक टॉर्क पाना वापरतात. ठरलेल्या जोरावर तो ‘टक्’ करतो आणि माणूस थांबतो. मला तो पाना कधी लागला नाही. एकदा मोठ्या कंपनीचा इंजिनिअर स्वतःचं यंत्र घेऊन आला, त्यानं माझ्याकडून शंभर नट आवळून घेतले, आणि शेवटी यंत्रच दुरुस्तीला पाठवलं. ही गोष्ट मी लग्नांत, बारशांत आणि एकदा दवाखान्यात भूल चढता चढता सांगितली आहे. भावोजी समोर बसून शांतपणे ऐकायचे. ते जाऊन आठ महिने झाले. तेराव्यालासुद्धा मी ती सांगितली, देवा.

आमचा उस्ताद होता त्याचं गॅरेज म्हणजे लांबट पत्र्याची शेड. एका टोकाला इंजिनाचं टेबल, दुसऱ्या टोकाला चाकं आणि ब्रेक. टेबलावर उभ्यानं काम, चाकांकडे जमिनीवर बसून. दाराच्या आतल्या बाजूला एक जाड तार अडकवलेली होती. ज्याच्या हातून इंजिनाच्या हेडमधला स्टड, म्हणजे आट्यांची सळई, तुटला किंवा त्याचे आटे गेले, त्याचा तो स्टड त्या तारेत ओवायचा आणि सोबत पत्र्याची चकती: पुढे फिटरचं नाव, मागे गाडीचा नंबर आणि तारीख, ठोकून उठवलेली. एका नावाचे तीन झाले की इंजिनाचं टेबल सुटलं. मग मरेपर्यंत चाकं. उस्तादाकडे अपील नव्हतं. त्याच्या बायकोकडेही नव्हतं, आम्ही विचारून पाहिलं होतं.

भावोजी आणि मी, दोघं टेबलावर. मला तिथे चिकटवलं तेच मुळी त्यांनी, अक्काशी लग्न झाल्यावर सहा महिन्यांत. मेहुणा रिकामा फिरतो हे त्यांना घरात बघवत नव्हतं. त्यांच्या नावाचे तारेत दोन स्टड होते, माझा एकही नाही. मग एका सोमवारी सकाळी त्यांच्या नावाचा तिसरा लटकलेला दिसला. मी काय केलं असेल? भर शेडमध्ये म्हणालो, “भावोजी, जमिनीवर बसायला पोतं देऊ का घरून? अक्कानं मऊ शिवलंय.” सगळे हसले. भावोजीही हसले, आपले पाने फडक्यात गुंडाळले आणि चाकांकडे जाऊन बसले. दोन वर्षं बसले. मग नोकरी सोडून एका लाँड्रीवाल्याची जुनी व्हॅन घेतली आणि लोकांचं सामान वाहू लागले. ती व्हॅन म्हणजे कासव. नाव अक्कानं ठेवलं, चालीवरून.

तर आता कासव. भावोजी गेल्यावर ते अंगणातल्या छपराखाली उभं होतं. भाच्यानं वाहन तपासणीला नेलं, तिथे ते दोनदा नापास झालं: धूर जास्त, आवाज जास्त. साहेबानं कागदावर लिहून दिलं की महिनाभरात शेवटची संधी. नापास झालं तर नंबर रद्द. भाचा शहाणा मुलगा, आमच्या घराण्यात असा अपवाद होतो. त्यानं लगेच भंगारवाल्याला त्या महिन्याच्या अखेरचा वार देऊन टाकला.

अक्कानं मला फोन केला. “बारक्या,” ती म्हणाली. माझं वजन किती आहे ते सांगत नाही, भागूनही लाज वाटेल; पण तिच्यासाठी मी बारक्याच. “मला त्यात बसून धरणावर जायचंय. दर रविवारी जायचो तसं. भंगारवाला येण्याआधी तुला काय करायचं ते कर.”

“अक्का, इंजिन सबंध उतरवावं लागेल. मी सत्तर वर्षांचा आहे.”

“म्हणजे पस्तीस,” ती म्हणाली. “ये.”

गेलो. अंगणात फळी टाकली, इंजिन उतरवलं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, हेड सपाट करून आणलं. धुराचा बंदोबस्त झाला. तीन आठवडे अक्का खुर्ची टाकून समोर बसायची आणि चहाबरोबर सूचना द्यायची. भाचा रोज संध्याकाळी यायचा, सुटे भाग बघायचा, आणि म्हणायचा, “मामा, यातलं काही उरणार तर नाही ना?”

राहिला तो आवाज. इंजिनातून जळका वायू बाहेर पडतो तो मॅनिफोल्डमधून. बिडाचा पंजा समजा, चार बोटांचा. हा पंजा हेडला धरून ठेवतात आठ स्टड. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली बोटभर सळई. एक टोक हेडमध्ये, दुसऱ्यावर नट. दिसायला किरकोळ, पण पंजा तापून लाल होतो, फुगतो, निवतो, आकसतो, आणि ही ओढाताण सगळी त्या आठ जणांच्या मानेवर. एक जरी ढिला पडला तरी वायू फटीतून निघतो आणि गाडी फट्‌फट् करत गावभर आपली बदनामी करते. कासवाचे पहिले सात स्टड गंजून हेडशी एकजीव झाले होते. तेल पाजलं, गरम करून मेण सोडलं, नावं ठेवली. तीन आले, चार तुटले. त्या चारांच्या बुडख्यांवर नट वेल्ड करून ते एकेक काढले. त्यात चार दिवस गेले. खरेच चार.

आठवा सगळ्यात मागचा, कोपऱ्यातला. टोकाचे स्टड आधी मरतात, हा नियम. मी पाना लावला, मनातल्या मनात त्याला श्रद्धांजली वाहिली आणि हलकंसं फिरवलं. तो लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला.

हातात घेतला तर सळई विचित्र. नटाकडचं टोक बाकीच्यांसारखंच, पण हेडकडचं जाड. मध्ये एक नेटकी पायरी. असा स्टड कुठल्या दुकानात मिळत नाही. तो मुद्दाम बनवावा लागतो, तेही हेडमधले मूळ आटे कुणीतरी उखडले असतील तरच. मग भोक मोठं करायचं, नवे आटे पाडायचे आणि असा पायरीचा स्टड बसवायचा.

“लाँड्रीवाल्यानं कुठल्यातरी गाढवाकडून काम करून घेतलेलं दिसतंय,” मी अक्काला म्हणालो.

अक्का चहा ढवळत होती. “गाढवाकडूनच,” ती म्हणाली.

नवे सात आणायचे तर लांबीला नमुना हवा. काढलेल्यांचे तर तुकडे, उरलेले गंजून झिजलेले. तेव्हा मला तार आठवली. उस्तादाचं गॅरेज बंद झालं तेव्हा भावोजींनी ती आठवण म्हणून घरी आणली होती. छपराच्या मागच्या भिंतीला अजून टांगलेली होती. म्हटलं, त्यात याच जातीच्या इंजिनाचा एखादा सापडेल. स्टूल घेतलं, चष्मा लावला, एकेक स्टड हातात धरून बघत गेलो.

सापडला. अख्खा, सरळ, न तुटलेला. फक्त हेडकडच्या आट्यांभोवती ॲल्युमिनिअमची बारीक तार वेटोळं घालून बसलेली. म्हणजे कुणीतरी इतका आवळला की हेडमधले आटे सोलून बाहेर आले. चकतीवर नाव भावोजींचं. तिसरा स्टड. मी सवयीनं हसलो. मग चकती उलटली.

मागे कासवाचा नंबर होता. आणि तारीख एका शनिवारची.

तो शनिवार मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी गावात गोल पिंजऱ्यात मोटारसायकल फिरवणारा आला होता. संध्याकाळचा खेळ. उस्ताद बाहेरगावी. टेबलापाशी लाँड्रीवाल्याची व्हॅन, आणि तिचा मॅनिफोल्ड बसवत होतो मी. शेवटचा नट, कोपऱ्यातला, मी दात आवळून फिरवला, मनगटातल्या काट्यानं ‘पुरे’ म्हटलं, पाना टाकला आणि पळालो. खेळ फार छान झाला. तो माणूस हात सोडून उलटा फिरला होता. सोमवारी तारेत तिसरा स्टड बघितला तेव्हा चकतीच्या मागे काय आहे ते बघायची मला गरजच वाटली नव्हती. नाव पुरेसं होतं.

मी स्टुलावरच बसलो. स्टूल कुरकुरलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही स्टड घेऊन चुंबकाकडे गेलो. चुंबक म्हणजे सुट्या भागांचा दुकानदार. गळ्यात दोरीनं लोहचुंबक अडकवलेलं असतं आणि एकदा गिऱ्हाईक आलं की तोही सुटत नाही. काउंटरवर त्यानं दोन पुड्या उघडल्या. एकीत चांदीसारखे चकचकीत स्टड.

“हे घ्या काका, गंज नाही लागणार. मुलीच्या लग्नात भांडी देतात तसले.”

“भांडी तिकडे मांडणीवर. हे तापले की बाकीच्यापेक्षा जास्त वाढतात आणि नट जागेवर चावून बसतो. दुसरे दाखव.”

“मग हे काळे. दिसायला तुमच्यासारखे, पण उष्णता सोसतात. नट तांब्याचा मुलामा दिलेले घ्या, पुढच्यानं काढायला घेतले तर शिव्या देणार नाही.”

“पुढचा कोण? मीच असणार.”

“तुम्हीच का, शंभर वर्षं जगणार?” तो म्हणाला. “म्हणजे पन्नास.”

नियम इतका पसरला होता. लांबीला मी तारेतला स्टड धरला आणि काळ्यांमधून सात निवडले. एकेक काचेवर लोळवला, डगमगतो का बघायला. एक डगमगला, तो परत. मग मी पायरीचा स्टड पुढे केला. “असा एक बनवून मिळेल का टर्नरकडून?”

चुंबकानं सवयीनं लोहचुंबक लावलं. चिकटलं नाही. परत लावलं. मग त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याशी गंभीरपणे बोलला.

“काका, हा कुणी बनवलाय?”

“का?”

“हे साधं पोलाद नाही. ट्रकच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा आहे हा. जन्मभर आगीतच उभा राहायला केलेला धातू. कुणीतरी तो कापून लेथवर एवढी पायरी काढली, वर आटे पाडले. हा दांडा कापताना हत्यारं रडतात. आणि आटे बघा, अजून नवे. टर्नर नवा बनवेल, पण याच्यापेक्षा बरा बनवेल असं मी सांगणार नाही. माझं नुकसान होतंय, पण हाच लावा.”

मी स्टड रुमालात बांधून घरी आणला. वाटेत एकच गोष्ट डोक्यात. ज्या माणसाला स्टड बसवता येत नाही म्हणून चाकांकडे बसवलं, त्यानं हा बनवला होता. त्या शनिवार-सोमवारमधल्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्याच्या गाढवपणासाठी.

तपासणी परवावर आली होती. मी अक्काच्या शेजाऱ्याकडून टॉर्क पाना मागून आणला. अक्कानं पान्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची जवळ ओढली. सर्कस आल्यासारखी.

आधी एक परीक्षा केली. व्हाइसमध्ये एक जुना बोल्ट धरून त्याच्यावर नट चढवला, डोळे मिटले आणि मनगटातल्या काट्यानं सांगितलं तिथपर्यंत साध्या पान्यानं आवळला. मग टॉर्क पाना लावून तो किती जोरावर हलतो ते पाहिलं. ॲल्युमिनिअमच्या हेडला जेवढा सोसतो त्याच्या दुप्पट. परत केलं. दुप्पट. माझं मनगटसुद्धा माझ्यासारखंच बोलत होतं इतकी वर्षं, आणि नटांना भागाकार येत नव्हता.

“अक्का,” मी म्हणालो, “तुला एक सांगायचंय. तो तिसरा स्टड...”

“दोन नट एकमेकांवर आवळून घे आधी,” ती म्हणाली. “त्याशिवाय स्टड आत कसा फिरवशील?”

“तुला हे कुणी शिकवलं?”

“नवऱ्यानं. तू बोल, हात चालू ठेव.”

मी एका स्टडवर दोन नट घेतले, एकमेकांना भिडवले, आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं आणि स्टड हेडमध्ये उतरवला. बुडाला टेकेपर्यंत बोटांनीच. टेकल्यावर जबरदस्ती करायची नाही. आणि बोलत राहिलो. शनिवार, खेळ, कोपऱ्यातला नट, चकतीची मागची बाजू. चार स्टड बसेपर्यंत सगळं सांगून झालं.

“मला माहीत आहे,” अक्का म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच रात्रीपासून. तू खेळाला गेलास, लाँड्रीवाला गाडी न्यायला आला, चालू केली तर फट्‌फट्. ह्यांनी खोलून बघितलं. रविवारी दिवसभर लेथवर होते, हाताला दोन फोड घेऊन आले. मी म्हटलं, उस्तादाला सांगा की बारक्याचं काम आहे. तर म्हणाले, त्याचा पहिलाच आहे, पण पोरगा फुशारकीवर उभा आहे; पहिल्याच स्टडला सगळ्यांपुढे पडला तर गॅरेज सोडून पळेल. माझे दोन झालेतच, तिसरा खपून जाईल.”

“खपून कुठे गेला? टेबल गेलं त्यांचं.”

“गेलं,” ती म्हणाली. “चाकांकडे बसायला आवडायचं नाही त्यांना. पहिलं वर्ष घरी आले की पाठ धरून बसायचे. ते तुला सांगू दिलं नाही मला.”

पाचवा स्टड माझ्या हातात तसाच राहिला.

“आणि मी त्यांच्यासमोर मनगटाची गोष्ट सांगत होतो. चव्वेचाळीस वर्षं. तू एकदा तरी अडवायचंस.”

“एकदा अडवणार होते. लग्नात, तू तो इंजिनिअर आणलास तेव्हा. तर ह्यांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. मग दरवेळी दाबायचे. तू ‘शंभर नट’ म्हणालास की पाय. आम्हाला हसू आवरायचं नाही, म्हणून मी भात वाढायला उठायची. तुला वाटायचं तुला भूक आहे म्हणून वाढते.” तिनं पदरानं चष्मा पुसला. “तेराव्याला तू परत सांगितलीस. मी टेबलाखाली पाय पुढे केला होता. सवयीनं.”

पाचवा, सहावा आणि सातवा स्टड मी एकही गोष्ट न सांगता बसवले. असं माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालंय. आकडा देत नाही.

आठव्या भोकात भावोजींचा स्टड बसवला. तिथे दोन नट लागलेच नाहीत. बोटांनी फिरवला तो सरळ आपल्या घरी गेला. पॅकिंग लावलं, पंजा चढवला, मधल्या नटांपासून बाहेरच्यांकडे तीन फेऱ्यांत आवळत गेलो, म्हणजे तापल्यावर पंजाला दोन्हीकडे पसरायला जागा राहते. प्रत्येकावर टॉर्क पाना ‘टक्’ म्हणाला की थांबलो. कोपऱ्यातल्या नटावर ‘टक्’ झालं तेव्हा माझं मनगट म्हणालं, अजून थोडं. अक्का म्हणाली, “थांब.”

इंजिन गाडीत चढवून चालू केलं, तापू दिलं, पूर्ण निवू दिलं, परत एकदा सगळे नट तपासले. मग दाभण आणि हातोडी घेऊन तारेतली ती चकती काढली आणि भावोजींच्या नावावर आडवी रेघ ठोकून खाली माझं नाव ठोकलं. अक्षरं वाकडी आली. भाच्यानं विचारलं, मामा हे काय. म्हटलं, कागदपत्रं दुरुस्त करतोय.

तपासणीच्या सकाळी रांगेत आमच्यापुढे अकरा गाड्या होत्या. कासव आपल्या मापानं घरघरत होतं. अक्का माझ्या शेजारी, मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. निकाल काय लागणार हे तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. भाचा मागे स्वतःची गाडी घेऊन, भंगारवाल्याचा नंबर खिशात.

साहेबानं मागच्या नळीत यंत्राची काडी घातली, कागद बघितला. मग बॉनेट उघडायला लावलं, कान खाली नेला, एक हात कोपऱ्यातल्या स्टडजवळ धरून बघितला, कुठून वारा येतो का. आला नाही. त्यानं मागच्या महिन्याचा कागद परत वाचला.

“आजोबा, हेच इंजिन ना? मॅनिफोल्ड कुणी बसवला?”

माझं तोंड उघडलं. मनगट आपोआप वर आलं. इंजिनिअर, यंत्र, शंभर नट, सगळे ओठांवर येऊन उभे राहिले.

खाली अक्कानं माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

“सात मी बसवले,” मी म्हणालो. “आठवा भावोजींचा आहे.”

साहेबाला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं शिक्का मारला आणि पुढच्या गाडीकडे गेला. भाच्यानं आमच्या खिडकीशी येऊन शिक्का दोनदा बघितला आणि बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन लावला. फाटकातून बाहेर पडल्यावर मी घराच्या बाजूला वळायला लागलो.

“डावीकडे,” अक्का म्हणाली. पाय तिनं अजून काढला नव्हता.

“धरण सोळा मैल आहे, अक्का. याच्या चालीनं...”

“आठ,” ती म्हणाली, आणि थर्मास उघडायला लागली.